सरटकोट: सरडेमाणसांच्या वाळवंटी किल्ल्याला वेढा घालायचा तर कसा?

रणरणतं ऊन (धागाकर्ता)

आमच्या गटात दर शनिवारी रात्री फासे टाकून खेळायचा काल्पनिक दुनियेचा खेळ चालतो. सूत्रधार मी. म्हणजे जग मी उभं करायचं आणि बाकीच्यांनी येऊन त्यात धुडगूस घालायचा. पुढच्या महिन्यात ही टोळी सरडेमाणसांच्या एका वाळवंटी किल्ल्यात पोचते आहे. तिथे वेढा पडणार हे नक्की. टोळी कुणाच्या बाजूने लढेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. तेव्हा किल्ला आतून-बाहेरून पक्का हवा. इथे इतिहासवाले आहेत, प्राणीवाले आहेत आणि नुसतीच खुसपटं काढणारेही आहेत, म्हणून धागा काढतोय.

गावाचं नाव सरटकोट. उत्तरेला चार मजलांवर मिठाची खाण, दक्षिणेला सहा मजलांवर धान्य पिकवणारा नदीकाठ. मधल्या सगळ्या मुलखात पाणी आहे ते इथेच. मीठ खाली येतं, धान्य, तेल, कापड वर जातं, आणि दोघांनाही इथे थांबल्यावाचून गत्यंतर नाही. पिवळ्या वालुकाश्माच्या टेकाडावर दुहेरी तट, मधल्या पट्ट्यात काफिल्यांसाठी सराई, आतल्या तटाच्या आत वस्ती.

लोक तीन कुळांचे. सरडे दिवसाचे: व्यापार, दगडकाम, जकात. पाली रात्रीच्या: पहारा, हिशेब आणि तटाची डागडुजी (शिडीचा खर्च वाचतो). घोरपडी लढवय्या आणि जासूद.

एक गोष्ट मी पहिल्यापासून धरून ठेवली आहे. ही शेपूट चिकटवलेली माणसं नकोत. रक्त थंड आहे ना, मग गावाचा कारभार त्यावरूनच ठरला पाहिजे. उदाहरणार्थ, पूर्वेकडे एक उतरती फरसबंदी आहे, तिला 'ओटा' म्हणतात. सकाळी सगळं सरडेकुळ तिथे पडलेलं असतं: बरगड्या पसरून अंग चपटं केलेलं, कातडीचा रंग गडद, डोळे अर्धवट मिटलेले. कुणी कुठे पडायचं हे पिढीजात ठरलेलं, आणि गावातले निम्मे खटले ओट्यावरच्या हातभर जागेचे. बाहेरच्या व्यापाऱ्यांनी पूर्वी याचा फायदा घेतला. पहाटे येऊन भाव ठरवायचे, कारण गार पडलेला सरडा घासाघीस करत नाही, नुसती मान डोलावतो. म्हणून कायदा झाला: ओट्याच्या खांबावरच्या खुणेपर्यंत ऊन यायच्या आत झालेला सौदा बाद. त्याला 'थंड सौदा' म्हणतात. दुपारी सगळं बंद, ऊन कललं की दुसरा बाजार, आणि मावळतीला दरवाजे पालींच्या ताब्यात.

आता मदत हवी ती इथे. पाण्यासाठी मी किल्ल्याच्या मधोमध तलाव ठेवलाय. वेढा किती टिकेल? शत्रूने हात कुठे घालावा? आणि मिठाची दलाली सोडली तर गावाचं स्वतःचं असं काय आहे?

---

शंकेखोर

माझ्या मनात पाल चुकचुकली, ती तुमच्या रात्रपाळीवाली असावी.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तो व्यापारी कसा झाला? हे हलके घ्या. पण खरा प्रश्न असा की थंड रक्ताला वाळवंट सोयीचं कुठून? ऊन फुकट मिळतं हे खरं, पण थारमध्येसुद्धा हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. तुमचं अख्खं गाव पौषात बधीर पडलेलं असणार. शत्रू शिडी लावून आरामात वर येईल, चहा पिईल आणि मग तुम्हाला उठवेल.

---

रणरणतं ऊन

@शंकेखोर, म्हण बरोबर आहे. म्हणूनच ते कुठे जात नाहीत, व्यापार त्यांच्याकडे येतो. कुंपण जरा मोठं घातलंय इतकंच.

थंडीचा मुद्दा मान्य. त्यावर कुणीतरी काहीतरी सुचवा.

---

खवले मोजणारा

कल्पना झकास. सरपटणाऱ्यांत माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे जरा लांबेल.

आधी वेढ्याचं. विश्रांतीच्या अवस्थेत सरड्याला त्याच्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच ऊर्जा लागते. अंग गरम ठेवण्यात आपलं बहुतेक अन्न जळतं, त्यांना तो खर्चच नाही. म्हणजे माणसांच्या गढीत जे कोठार सहा महिने पुरेल ते इथे काही वर्षं जाईल. त्यात मूत्रही बहुतांशी पांढऱ्या घट्ट युरिक आम्लाच्या रूपात बाहेर पडतं, पाणी वाया जात नाही. उपाशी ठेवून हा किल्ला पडणार नाही. उलट बाहेर तळ टाकून बसलेली उंट-माणसंच आधी उपाशी मरतील.

पण हाच हिशेब लढाईत उलटा फिरतो. सरडा जोरात पळतो, पण लांब पळत नाही. पळताना त्याचं धड डावी-उजवीकडे वळतं आणि त्याच स्नायूंवर श्वासही चालतो, त्यामुळे पळणं आणि दम घेणं दोन्ही एकदम नीट जमत नाही. घोरपडीने यावर तोड काढली आहे: ती घशाचा भाता करून हवा फुप्फुसांत ढकलते. तुम्ही जासूद घोरपडी केल्यात ते अगदी योग्य. सरडेकुळाच्या पलटणीने मात्र दरवाजा उघडून एक झपाट्याचा हल्ला करावा आणि आत यावं. मैदानात पाठलाग केला तर अर्ध्या वाटेत बसतील.

थंडीबद्दल: निशाचर पाली दिवसाच्या सरड्यांपेक्षा कमी तापमानात हालचाल करू शकतात, म्हणून हिवाळ्यात पहारा त्यांचाच, हेही जुळतं. आणि आपला सांडा पाहा, थार आणि कच्छमधला. हिवाळाभर बिळात झोपतो आणि तोंड मातीने बुजवून घेतो. शत्रू बिळात शिरलाच तर काटेरी शेपटी समोर येते. सरटकोटच्या आतल्या गल्ल्या एका माणसाच्या रुंदीच्या करा, वरून झाकलेल्या, आणि शेवटी एकेक शेपूट.

अवांतर: सांड्याच्या तेलापायी या बिचाऱ्याची बेसुमार शिकार झाली आहे. खेळात कुणी तसलं तेल विकताना दिसला तर त्याला जरूर बडवा.

---

उंटावरचा शहाणा

नाव सार्थ करायची संधी मिळाली. शेळ्या हाकतो.

रणरणतं ऊन, तो मधोमधचा तलाव आधी काढा. जैसलमेर ११५६ मध्ये रावळ जैसलने वसवलं, नव्व्याण्णव बुरुज, तुमच्यासारखाच पिवळा वालुकाश्म, आणि लोक आजही किल्ल्यात राहतात. त्या किल्ल्याला तोफांनी केलं नाही इतकं नुकसान नळाच्या पाण्याने केलं. पूर्वी पाणी डोक्यावरून यायचं तेव्हा ते जपून वापरलं जायचं. घरोघरी नळ आले, सांडपाणी वाढलं, ते खालच्या मऊ थरांत मुरलं आणि बुरुज ढासळायला लागले. तिथला जुना गडसीसर तलाव किल्ल्याबाहेर, खाली आहे. वालुकाश्माच्या टेकाडावर तलाव बांधलात तर तुमचा शत्रू आतच आहे, वेढ्याची गरज नाही.

जैसलमेर ओसरलं तेही लढाईत नाही. व्यापार समुद्राने जायला लागला, मुंबई बंदर वाढलं, आणि काफिल्यांच्या वाटेवरच्या त्या डौलदार हवेल्यांना अर्थ उरला नाही. तुमच्या दक्षिणेच्या नदीवर कुणी गलबतं आणतंय का, हे सरटकोटच्या सावकारांना वेढ्यापेक्षा जास्त सतावत असणार.

मिठाच्या खाणीबद्दल एक. इब्न बतूता १३५२ मध्ये सहारातल्या तघाझाला दहा दिवस राहिला होता. तिथली घरं आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांची, छपरं उंटाच्या कातड्याची. झाड एक नाही, पाणी मचूळ, आणि सगळं खाणं बाहेरून यायचं. त्या भिकार गावात सोन्याची उलाढाल मात्र अफाट, असं तो लिहितो. तुमच्या खाणीवरचं गाव असं करा. मग सरटकोट स्वर्ग वाटेल आणि लोक तिथे का थांबतात हे समजावून सांगावं लागणार नाही.

---

मस्कतची मावशी

वाचतेय. मजा येतेय.

ओमानात इतकी वर्षं काढल्यावर माझेही दोन पैसे. निझवाचा किल्ला सतराव्या शतकातला, त्याचा गोल बुरुज प्रचंड आहे. वर जायचा जिना मुद्दाम वळणावळणाचा, प्रत्येक वळणावर दार, आणि दाराच्या वर छताला भोक. त्या भोकातून खाली काय ओतायचे, तर उकळता खजुराचा पाक! खाली खजुराची कोठी बघितली तेव्हा ते पटलं. जमिनीला हाताच्या रुंदीच्या पन्हळी, मधे उंचवटे. खजुराची पोती एकावर एक रचून ठेवायची, वजनाने खालच्या पोत्यांतून रस गळतो, पन्हळींतून वाहत कोपऱ्यातल्या कुंड्यात जमा होतो. एरवी तो खायचा, वेळ आली की तापवून शत्रूच्या डोक्यावर. मार्गदर्शक सांगत होता आणि माझ्या मुलाने हळूच बोट लावून चाटायचा प्रयत्न केला, शेकडो वर्षांची धूळ मिळाली फक्त.

तुमच्या पालींना ते भोकही लागणार नाही, छताला उलट्या चिकटून ओततील.

आणि पाणीवाटप विसरू नका. इथे फलज असतात, डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून आणलेले पाट. पाण्याचा वाटा लिटरवर नाही, वेळेवर. दिवसा सावलीच्या घड्याळावर पाळी मोजायचे आणि रात्री ताऱ्यांवर. तुमच्याकडे दिवसाचे लोक आणि रात्रीचे लोक वेगळे आहेत, म्हणजे सावलीची पाळी सरड्यांची, ताऱ्यांची पाळी पालींची. हिवाळ्यात रात्र मोठी, पालींचं पाणी वाढणार. भांडणाला तोटा नाही!

---

रणरणतं ऊन

मावशी, खजुराचा पाक उचलला. टोळीतला एक जण दाराखाली उभं राहून भाषणं ठोकतो, त्याच्यासाठी राखून ठेवतो. दिवस-रात्रीच्या पाण्याचं भांडण तर वेढ्याच्या आधीच लावतो, म्हणजे फितुरीला जागा राहते.

शहाणे, तलाव काढला. पण मग पाणी कुठे?

---

खवले मोजणारा

वाळूत.

ऑस्ट्रेलियात काटेरी सैतान म्हणतात असा एक सरडा आहे. त्याच्या खवल्यांच्या मधून बारीक चरे जातात आणि ते थेट तोंडाच्या कोपऱ्याशी पोचतात. ओल्या वाळूत नुसता उभा राहिला किंवा ती पाठीवर उडवली तरी पाणी चऱ्यांतून आपोआप चढतं. वाडगं नको, ओंजळ नको.

थारमध्ये काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर असतो. पावसाचं पाणी त्यावर अडतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही आणि वाळूतच ओल म्हणून राहतं. माणसं त्यासाठी अरुंद कुंया खणतात आणि थेंबथेंब पाझरलेलं पाणी उपसतात. तुमच्या लोकांना उपसायचीही गरज नाही. खोल चौक, त्यात भरलेली वाळू, वर दगडी छत. संध्याकाळी लोक येऊन घोट्यापर्यंत पाय रोवून उभे राहतात, गप्पा मारतात, अधूनमधून जबडा हलतो. शत्रूचा हेर आत आला तरी त्याला पाणी दिसणार नाही, वाळूत उभी असलेली माणसं दिसतील.

---

शंकेखोर

हे आवडलं, मान्य करतो.

पण एक राहिलंच. अंडी कुठे घालतात? रात्री गारठा, दुपारी दगड तापून भाजायला लागतो. उबवायला सारखी ऊब हवी. शेकोट्या पेटवाल तर वाळवंटात सरपण आणणार कुठून? मी शत्रू असतो तर तटाकडे बघितलंही नसतं, सरपणाची वाट अडवली असती.

---

यशवंती

आजवर वाचनमात्र होते, पण अंड्यांचा विषय निघाला आणि माझ्या आयडीला जागायलाच हवं. (सिंहगडावर घोरपड चढली की नाही हा वाद कृपया इथे नको.)

वारूळ! ऑस्ट्रेलियातली झाडावर चढणारी मोठी घोरपड वाळवीचं वारूळ उकरते, आत अंडी घालते आणि निघून जाते. वाळवी भोक लिंपून टाकते. आत वर्षभर ऊब आणि ओल जवळजवळ सारखी, चोराची भीती नाही, एक काटकी जाळावी लागत नाही. पिल्लं बाहेर यायच्या सुमारास आई परत येऊन वारूळ फोडते, असंही पाहिलं गेलं आहे.

तर सरटकोट इथेच का? कारण टेकाडाच्या पोटात जुनी, दोन-दोन पुरुष उंच वारुळं आहेत. आधी घोरपडी आल्या, मग बाकीची कुळं, मग तट बांधला तो वारुळांभोवती. बाजार नंतरचा. आणि वाळवीला ओल लागते, ती खोल जाऊन पाणी आणते. वराहमिहिराने सहाव्या शतकात वारुळावरून जमिनीखालचं पाणी ओळखायचे आडाखे देऊन ठेवले आहेत. म्हणजे तुमचं पाणी आणि तुमची पाळणाघरं एकाच जागी असण्याला कारण मिळालं.

---

उंटावरचा शहाणा

यशवंती, दंडवत.

आता याचा जकातीवर परिणाम बघा. गावात वाळवी पाळलेली, नव्हे पूजलेली. म्हणजे गावात लाकूड टिकणार नाही. तुळया नाहीत, कमानी आणि घुमट. दारं दगडाची, अशक्य वाटेल, पण सीरियात हौरानच्या भागात काळ्या बेसाल्टची घडीव दारं दगडी खुंट्यांवर फिरायची. आणि व्यापाऱ्यांच्या लाकडी पेट्या? त्या बाहेरच्या सराईत सोडायच्या. माल पखालींत, मातीच्या रांजणांत, कातडी थैल्यांत भरून मगच आतल्या दरवाजातून न्यायचा. भरून द्यायला गावचे हमाल, गावच्या थैल्या, गावचा दर. घ्या, हा तुमचा स्वतःचा धंदा.

भांड्यावरून जकात हे काही मी मनचं सांगत नाही. पालमिराच्या जकातीचा शिलालेख आहे, इसवी सन १३७ चा, ग्रीक आणि पालमिरी दोन भाषांत. त्यात सुगंधी तेलाच्या उंटामागे दर लावलेत, आणि तेच तेल अलाबास्टर नावाच्या मऊ दगडाच्या कुपीत असेल तर एक दर, बकऱ्याच्या कातड्यात असेल तर दुसरा. तंटे फार व्हायचे म्हणून दर दगडावर कोरून चौकात उभे केले. सरटकोटच्या दारातही असा दगड हवा, आणि त्याच्या शेवटच्या ओळी पहाटे वाचता येणार नाहीत अशा सावलीत.

---

मस्कतची मावशी

सरकारी कचेरीचा सगळा अनुभव त्या शेवटच्या वाक्यात आला हो!

---

खवले मोजणारा

वारूळ सापडलं तर मग घाव घालायची जागाही सापडली. शंकेखोरांसाठी.

बऱ्याच सरड्यांत आणि काही पालींत पिल्लू नर होणार की मादी यावर उबवणीच्या तापमानाचा परिणाम होतो. दाढीवाला ऑस्ट्रेलियन सरडा घ्या. त्याचं लिंग एरवी गुणसूत्रांवर ठरतं, पण अंडी साधारण ३२ अंशांच्या वर तापली की गुणसूत्रांनी नर असलेल्या अंड्यांतूनही माद्या बाहेर येतात. २०१५ मध्ये हे जंगलातल्या सरड्यांतही दाखवलं गेलं. घोरपडींत असं होत नाही, त्यांचं गुणसूत्रांवर पक्कं.

आता वारुळाचा वारा अडवा. कुणीतरी फितूर रोज रात्री थोडी माती नेऊन झरोके बुजवतो. वाळवी धडपडते, आतली ऊब दोन-तीन अंश चढते. कुणाला कळत नाही. त्या वर्षीची सरडेकुळाची सगळी पिल्लं मुली निघतात, घोरपडींची नेहमीसारखी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शिडी नाही, तोफ नाही, आणि दोन कुळांत संशय पेटला.

---

शंकेखोर

हा वेढा वीस वर्षांचा झाला. यांचा खेळ शनिवारी रात्री आहे.

---

रणरणतं ऊन

@शंकेखोर, त्यावर तोड आहे. वीस वर्षं आधीच उलटलेली असतील. टोळी पोचते तेव्हा ओट्यावर जवळजवळ सगळ्या बायकाच दिसतात, आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. बाहेरचा वेढा नुसता दिखाऊ. शत्रूला वेळ काढायचाय, कारण पिकलं फळ पडायची तो वाट बघतोय. टोळीने झरोके शोधायचे की पाकाखाली भाषण ठोकायचं, ते त्यांनी ठरवावं.

फितूर कोण ते इथे लिहीत नाही. टोळीतला एक जण हा मंच वाचतो असा मला दाट संशय आहे.

एकच राहिलं. आमच्यातल्या एकीच्या पात्राचा डावा पाय लाकडी आहे, तीन वर्षांपासून. आतल्या दरवाजावर तिचं काय करायचं? पाय सराईत ठेवून आत जा म्हटलं तर ती मला जिवंत सोडणार नाही.

---

यशवंती

लाकूड कसलं? सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. साग असेल तर सोडा.

---

उंटावरचा शहाणा

सोडा काय, पावती फाडा. सागवान परदेशी माल आहे.

---

शंकेखोर

आणि ऊन खुणेवर आल्यानंतरच फाडा. नाहीतर थंड सौदा म्हणून पैसे परत मागेल.